जंगलाला कसला क्लास?

प्रश्न : मी नाशिकमध्ये एका रुग्णालयात परिचारिका आहे. माहेरची जमीन त्र्यंबकेश्वर तालुक्यात, हरसूलच्या बाजूला आहे आणि आम्ही कोकणा समाजाचे आहोत. वडील गेल्यावर माझे आणि धाकट्या भावाचे नाव सातबाऱ्यावर लागले. नऊ एकरांपैकी दोन एकर भात-नागलीची जमीन आत्या आणि तिचा मुलगा कसतात; उरलेले सात एकर डोंगरउतार असून त्यावर साग, सादडा, मोह, हिरडा, खैर, कुडा असे रान उभे आहे. एका ठेकेदाराने सगळ्या सागाचा उक्ता सौदा करून पावसाआधी तोड करण्याची तयारी दाखवली आहे आणि 'कागदपत्रांचे सगळे मी बघतो' असे तो म्हणतो. भाऊ तयार आहे. मला रान राखावेसे वाटते, पण ते कसे राखायचे हे मला येत नाही. चौकशी केली तर प्रशिक्षणे द्राक्षाची, कांद्याची, शेडनेटची. झाडांची म्हणावीत तर रोपे लावण्याची. उभे रान सांभाळायला शिकवणारे कुणी भेटले नाही. इंटरनेटवर अमेरिकेतील खाजगी वनमालकांसाठी चालणारे असे वर्ग दिसले. पैसे भरून त्यातला एखादा करावा का? भाऊ विचारतो, 'जंगलाला कसला क्लास? ते आपोआप वाढतं.' वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी हे शिकायला निघणे कितपत शहाणपणाचे आहे? – एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, तुमच्या पत्रात दोन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत आणि त्यांतला एक थांबू शकतो, दुसरा थांबू शकत नाही. शिकण्याला वर्षभराची सवड आहे; ठेकेदाराला मात्र पावसाआधी उत्तर हवे आहे. म्हणून आधी त्याच्याविषयी लिहिते. माझे मत स्पष्ट आहे. यंदा एकही झाड देऊ नका. साग कधीच तोडू नये असे मला म्हणायचे नाही. आपल्या रानात काय आहे, किती आहे आणि तोडल्यावर मागे काय उरणार आहे, हे मालकाला ठाऊक नसताना झालेला सौदा हा सौदा नसतो, म्हणून हे सांगते.

'कागदपत्रांचे मी बघतो' या वाक्याकडे नीट पाहा. महाराष्ट्रात झाडे तोडण्याचे नियमन करणारा 1964 चा कायदा आहे आणि त्याच्या अनुसूचीतील झाडे, मग ती स्वतःच्या मालकीच्या जमिनीवर का असेनात, वृक्ष अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. साग, खैर, हिरडा, मोह, आंबा, फणस, चिंच, जांभूळ, हळदू, तिवस आणि ऐन, म्हणजे तुमच्याकडचा सादडा, ही सगळी त्या अनुसूचीत आहेत. तुम्ही पत्रात दिलेल्या सहा नावांपैकी कुडा सोडला तर बाकी पाचही नावे या यादीतली आहेत. दुसरे असे की तुमचे कुटुंब अनुसूचित जमातीतील आहे, त्यामुळे अशा भोगवटादारांच्या झाडविक्रीचे विनियमन करणारा 1969 चा स्वतंत्र कायदा तुम्हाला लागू होतो. डोंगरातल्या माणसाकडून चार-दोन नोटांवर सागाची झाडे लिहून घेण्याचे प्रकार सर्रास चालत असत, म्हणून ही विक्री जिल्हाधिकाऱ्यांच्या यंत्रणेमार्फत, वन खात्याने केलेल्या मोजमापावर आणि मूल्यांकनावर व्हावी, अशी तजवीज त्या कायद्यात आहे. मधल्या माणसाने तुमच्याशी घरी बसून ठरवलेला उक्ता भाव या व्यवस्थेला वळसा घालतो. उद्या वाहतुकीच्या वेळी माल अडला, तर कागदावर नाव तुमचे आणि भावाचे असणार आहे, त्याचे नाही. हा कायदा तुम्हाला कमी लेखण्यासाठी केलेला नाही. तो तुमच्या बाजूने उभा राहू शकतो, हे भावालाही समजावून सांगा.

जिथे 'खाजगी जंगल' हा शब्द येतो, तिथे आपल्या राज्यात जरा थांबावे लागते. महाराष्ट्र खाजगी वने (संपादन) अधिनियम 1975 हा 30 ऑगस्ट 1975 रोजी अमलात आला आणि त्याच्या व्याख्येत बसणाऱ्या खाजगी वनजमिनी त्या दिवशी शासनाकडे निहित झाल्या. थोडी जमीन असलेल्यांना ती परत मिळावी म्हणून पुढे कलम 22-क आले, त्यात 12 हेक्टरची मर्यादा आहे. कितीतरी सातबाऱ्यांवर, विशेषतः इतर हक्काच्या रकान्यात, या कायद्याच्या खुणा आजही आहेत, आणि जमीन विकायला किंवा झाड तोडायला निघेपर्यंत घरात त्याचा पत्ता नसतो. नुसती एखादी जुनी नोटीस निघाली होती, एवढ्यावरून जमीन खाजगी वन ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने गोदरेज अँड बॉइसच्या प्रकरणात 2014 मध्ये म्हटले आहे, हे खरे. परंतु त्याचा आधार घेण्याची वेळ येण्याआधी आपल्या उताऱ्यावर काय लिहिले आहे हे आपल्याला वाचता आले पाहिजे. तेव्हा तलाठ्याकडून सातबारा, आठ-अ आणि वडिलांच्या, शक्य झाल्यास आजोबांच्या काळापासूनचे सगळे फेरफार काढा. त्यात 'राखीव वन', 'खाजगी वन' किंवा 'कलम 35' (भारतीय वन अधिनियमातले; जुन्या नोटिसा त्याखालीच निघत) असा कोणताही उल्लेख सापडला, तर जमिनीच्या कामात मुरलेल्या वकिलाला दाखवल्याशिवाय पुढचे पाऊल टाकू नका.

आता तुमचा मुख्य प्रश्न. जंगलाला क्लास कसला, असे भाऊ म्हणतो, त्यात निम्मे खरे आहे. रान आपोआप उगवते, यात वाद नाही. परंतु आपण त्यात हात घातला नाही असे सात एकर रान आज त्र्यंबक, पेठ, सुरगाणा या पट्ट्यात कुठेच नाही. दर हिवाळ्यात कुणीतरी राबासाठी, म्हणजे रोपवाटिकेची जागा भाजण्यासाठी, सादड्याचे टहाळ उतरवते, कुणी सरपणाची मोळी नेते, शेजारच्या वाडीची गुरे शिरतात, मोहाखाली लावलेली आग वाऱ्याने वर चढते. याचाच अर्थ, त्या रानाचे व्यवस्थापन आजही चालू आहे. फक्त ते मालकाने ठरवलेले नाही. शिकायचे आहे ते हेच, की जे घडते आहे त्यातले काय चालू द्यावे, काय थांबवावे आणि काय वेगळ्या पद्धतीने करावे.

असे वर्ग आपल्याकडे सहज का सापडत नाहीत, यालाही कारण आहे. अमेरिकेत जंगलाचा फार मोठा हिस्सा खाजगी कुटुंबांच्या मालकीचा आहे, त्यामुळे तिथल्या विद्यापीठांचे विस्तार विभाग वनमालकांना पिढ्यान्‌पिढ्या शिकवत आले आहेत. ओरेगन स्टेट युनिव्हर्सिटीचा विस्तार विभाग 'ट्री स्कूल' भरवतो. एका दिवसात अनेक वर्ग चालतात आणि ज्याला जे हवे ते त्याने निवडायचे. कुणी विरळणी शिकतो, कुणी करवत चालवणे, कुणी आपल्या वीस एकरांचा आराखडा लिहिणे. आपल्याकडे बहुतांश जंगल शासनाच्या ताब्यात असल्याने वनशिक्षणाची सारी रचना अधिकारी आणि कर्मचारी घडवण्यासाठी झाली. कुंडल आणि चंद्रपूर येथील वन अकादमी त्यासाठीच आहेत. मालकीचे रान असलेला शेतकरी कृषी खात्याच्या दृष्टीने शेतकरी असतो, पण त्याचे रान पिकात मोडत नाही, आणि वन खात्याच्या दृष्टीने तो तोडीची परवानगी मागणारा अर्जदार असतो. तुम्हाला दोन्ही दारांवरून परत यावे लागले ते या फटीमुळे. तुमची मागणी चुकीची नव्हती.

परदेशी वर्ग करावा का? मोफत किंवा अल्प शुल्काचा असेल आणि इंग्रजी ऐकून समजत असेल, तर अवश्य पाहा. मोठी रक्कम मात्र भरू नका. त्यातून पद्धत मिळेल. रानाचे भाग पाडून नकाशा करणे, नमुना घेऊन झाडे मोजणे, प्रत्येक भागासाठी हेतू ठरवणे आणि दहा वर्षांचा आराखडा लिहिणे हे तिथे फार चांगले शिकवतात, आणि ते कुठल्याही देशातल्या रानाला लागू पडते. झाडांचे आणि ऋतूंचे ज्ञान मात्र तिथून आणता येणार नाही. त्यांची सूचिपर्णी झाडे बुंध्यापासून तोडली की बहुतेक मरतात. आपला साग, सादडा, धावडा खुंटावरून पुन्हा फुटतो. त्यांचे वर्ष बर्फाभोवती फिरते आणि आपले चार महिने कोसळणाऱ्या पावसाभोवती व आठ महिने कोरड्या उन्हाभोवती. या एका फरकाने अर्धा अभ्यासक्रम बदलतो.

तो खुंट मी तुम्हाला जवळून दाखवते, कारण तुमच्या उतारावर तसे शेकडो असणार. सागाचे झाड वीस-पंचवीस वर्षांपूर्वी कुणीतरी गुडघ्याइतक्या उंचीवर कुऱ्हाडीने तोडलेले असते. वरचा भाग कुजून पोकळ झालेला असतो, त्यात पावसाचे पाणी आणि पालापाचोळा साचतो, आणि त्या कुजक्या काठावरून पाच-सात फुटवे एकमेकांना ढकलत वर गेलेले असतात. लांबून पाहणाऱ्याला तिथे सागाची पाच-सात झाडे दिसतात आणि ठेकेदारही तशीच मोजतो. प्रत्यक्षात ते एकाच मुळावर जगणारे एकच झाड आहे. त्यातला एकही फुटवा धड जाड होत नाही, आणि उंचावरून फुटलेला फुटवा वादळात सालीसकट उसवून पडतो. हेच झाड जमिनीपासून वीतभराच्या आत, उतरत्या कापाने, साल न सोलता तोडले असते, तर फुटवे जमिनीलगत आले असते आणि त्यांनी स्वतःची मुळेही धरली असती. मग दुसऱ्या हिवाळ्यात त्यातला जमिनीजवळचा, सरळ आणि जोमदार असा एक फुटवा, फार तर दोन, ठेवून बाकीचे कोयत्याने काढायचे. एवढेच काम. ते करायला एका खुंटामागे दहा मिनिटे लागतात आणि न केल्याची किंमत वीस वर्षे मोजावी लागते. जंगलाला क्लास असतो तो या दहा मिनिटांसाठी.

शिकवायला कोण आहे, याचे पहिले उत्तर तुमच्या पत्रातच आहे आणि तुम्ही ते केवळ जमीन कोण कसते हे सांगताना लिहून गेलात. आत्याबाई. कुठल्या मोहाला दरवर्षी फूल येते आणि कुठला एक वर्षाआड दगा देतो, कुठल्या ओहोळाला पूर्वी होळीपर्यंत पाणी असे, कुठल्या टेपाडावर पूर्वी हेदू, म्हणजे हळदू, होता आणि आता नाही, हे त्यांना विचारा आणि त्यांच्याबरोबर चालताना तिथल्या तिथे लिहून घ्या. नुसता मान राखण्यासाठी हे करायला सांगत नाही. आराखडा करताना 'पूर्वी इथे काय होते' हा रकाना भरल्याशिवाय पुढचा भरता येत नाही, आणि तुमच्या सात एकरांसाठी तो रकाना भरू शकेल असे दुसरे माणूस किंवा पुस्तक नाही.

मात्र त्याच आत्याबाई राबासाठी सादडे तोडत असणार, हेही तितकेच खरे. भाताच्या आणि नागलीच्या रोपवाटिकेच्या जागी टहाळ, पालापाचोळा, शेण आणि माती यांचे थर देऊन पावसाआधी भाजायचे, म्हणजे तणाचे बी मरते आणि रोप तरारून येते, ही त्यांची पिढ्यांची रीत आहे. दरवर्षी त्याच झाडाचे टहाळ उतरवले की सादडा काठीसारखा उंच वाढतो, शेंड्याला तेवढा झुबका राहतो, आणि त्याला फूलफळ न आल्यामुळे खाली नवे रोप येत नाही. वनमालक म्हणून तुमचा पहिला कठीण निर्णय हाच असेल. माझा सल्ला असा की बंदी घालू नका, पाळी लावा. सादड्यांचे तीन किंवा चार भाग पाडा, दरवर्षी एकाच भागातले टहाळ घ्यायचे, शेंडा सोडायचा, आणि प्रत्येक भागात सात-आठ उत्तम झाडांना रंगाचा पट्टा मारून ती बियांसाठी कायमची राखायची. त्यांच्या भाताला धक्का लागणार नाही, असे त्यांच्यासमोर बसून ठरवा. शहरातून येऊन निर्णय सांगितला, तर तो पहिल्या हिवाळ्यापुरताही टिकणार नाही.

वर्गाला जाण्याआधी एक काम करा, म्हणजे वर्गात विचारायला तुमचे स्वतःचे प्रश्न असतील. पावसाळा सरल्यावर, ऑक्टोबरमध्ये, एक खुंटी, खुणेची दोरी, शिंप्याकडची टेप आणि वही घेऊन रानात जा. खुंटीपासून 5.64 मीटर दोरीने वर्तुळ फिरवले की आतली जागा जवळजवळ बरोबर 100 चौरस मीटर भरते. उतारावर चौकोन आखण्यापेक्षा हे फार सोपे. अशी दहा वर्तुळे रानभर विखरून घ्या, आवडीच्या जागी नव्हे, तर ठरावीक अंतर चालून जिथे पाय थांबेल तिथे. प्रत्येक वर्तुळातल्या झाडाचे नाव लिहा आणि जमिनीपासून 1.37 मीटरवर, म्हणजे साधारण छातीच्या उंचीवर, घेर मोजून लिहा. समजा दहा वर्तुळांत मिळून 62 झाडे भरली, तर हेक्टरी 620, एकरी सुमारे 250 आणि सात एकरांत साडेसतराशेच्या आसपास झाडे आहेत, असा अंदाज बांधता येतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे कंबरेखालची रोपे वेगळी मोजा. मोठी झाडे भरपूर आणि रोपे जवळजवळ नाहीत, असे आढळले, तर ते रान बाहेरून कितीही हिरवे दिसले तरी त्याला पुढची पिढी नाही. मग विरळणीचा विचार बाजूला ठेवून आग आणि चराई यांकडे आधी वळावे लागेल.

घेर मोजण्याचा दुसरा उपयोग सौद्याच्या वेळी होतो. लाकडाच्या व्यवहारात गोल लाकूड चौथाई घेराने मोजण्याची रीत आहे. मधल्या घेराचा चौथा भाग घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा आणि लांबीने गुणायचे. घेर 90 सेंटिमीटर आणि लांबी 3 मीटर असेल, तर 0.152 घनमीटर, म्हणजे सुमारे 5.4 घनफूट होतात. त्या ओंडक्यातले खरे लाकूड 0.193 घनमीटर असते. म्हणजे या रीतीतच खऱ्या मापापेक्षा सुमारे 21 टक्के कमी भरते, आणि ते दोन्ही बाजूंना ठाऊक असेल तर भावात धरलेही जाते. उक्त्या सौद्यात मात्र मोजणीच होत नाही. ठेकेदार अनुभवाने डोळ्यांनीच माप घेतो आणि तुम्ही घेऊ शकत नाही. त्याचा नफा त्या अंतरात असतो. वहीत तुमचे घेर लिहिलेले असले की हे अंतर मिटते.

ठेकेदार बहुधा ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पुन्हा येईल आणि सागाची पाने दाखवून 'कीड लागली, आता तरी द्या' म्हणेल. त्या दिवसांत सागाच्या पानांची अक्षरशः जाळी होते. हिरवा भाग अळी खाते, शिरा तेवढ्या उरतात आणि अख्खा डोंगर भाजल्यासारखा तपकिरी दिसतो. ही पान चाळणारी अळी आहे, ती खोडात शिरत नाही. वाढ थोडी खुंटते, झाड मरत नाही, पुढच्या पालवीला ते पुन्हा भरते. त्यावर फवारणीही नको आणि घबराटीची विक्रीही नको.

आता वर्गांविषयी. नाशिकमध्ये यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचे कृषी विज्ञान केंद्र आहे, राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात कृषिवनिकीचे संशोधन चालते, वन खात्याचा सामाजिक वनीकरण विभाग जिल्ह्यात आहे, आणि जबलपूरची उष्णकटिबंधीय वन संशोधन संस्था महाराष्ट्रासाठीही काम करते. या चारही ठिकाणी लेखी विचारा, पण 'झाडांचे प्रशिक्षण आहे का' असे विचारू नका, कारण त्याचे उत्तर रोपांच्या लागवडीनेच येणार. 'माझ्या मालकीच्या उतारावर सात एकर नैसर्गिक मिश्र रान उभे आहे. खुंटावरच्या फुटव्यांची विरळणी, जाळरेषा (आग अडवणारे मोकळे पट्टे), नैसर्गिक पुनरुत्पत्ती आणि मृद-जलसंधारण हे प्रत्यक्ष रानात शिकायचे आहे' असे लिहा आणि सोबत त्या दहा वर्तुळांचा तक्ता जोडा. नेमका प्रश्न आला की त्याला उत्तर देणारा नेमका माणूस त्या संस्थेत सापडतो, असा माझा अनुभव आहे.

त्याहीपेक्षा चांगला मार्ग म्हणजे वर्ग आपल्या रानात बोलावणे. कृषी विभागाची शेतीशाळा तुम्ही गावात पाहिली असेल. पंचवीस-तीस शेतकरी हंगामभर ठरावीक दिवशी एकाच शेतात जमतात, पिकाचे निरीक्षण करतात, चित्र काढतात, चर्चा करून निर्णय घेतात. ही रीत 1989 मध्ये इंडोनेशियात भातावरील किडींसाठी सुरू झाली आणि तिथून जगभर गेली. रानासाठी ती तंतोतंत लागू पडते, फक्त हंगाम चार महिन्यांचा न धरता वर्षाचा धरायचा. तुमच्याच शिवारात मालकीचे रान असलेली आठ-दहा घरे असतील. त्यांना एकत्र करून ऑक्टोबरमध्ये मोजणी, जानेवारीत फुटव्यांची विरळणी, फेब्रुवारीत जाळरेषा, मार्च-एप्रिलमध्ये मोह आणि मे महिन्यात चर, अशा पाच शिवारफेऱ्या ठरवा आणि प्रत्येक फेरीला एक जाणकार बोलवा, कधी कृषी विज्ञान केंद्राचा, कधी तुमच्या भागाचे वनक्षेत्रपाल किंवा वनरक्षक. परवानगी मागायला गेल्यावर जो अधिकारी टेबलापलीकडे असतो, तो शिकवायला बोलावल्यावर तुमच्याबरोबर डोंगर चढतो. पुढच्या प्रत्येक कामात याचा फरक पडतो.

एका गोष्टीपासून मात्र जपा. वृक्षशेतीच्या नावाने सभागृहांत भरणाऱ्या काही प्रशिक्षणांत सकाळी व्याख्यान होते आणि दुपारी चंदनाची किंवा महोगनीची रोपे, पुनर्खरेदीच्या करारासह, विकायला काढतात. शिकवणारा आणि रोपे विकणारा एकच असेल, तर तो तुम्हाला उभे रान काढून मोकळी जागा करायलाच शिकवणार. ज्या वर्गात दिवसातला निम्मा वेळ तरी झाडाखाली जात नाही आणि शिकवणारा स्वतः कोयता हातात घेऊन एक खुंट विरळून दाखवत नाही, तो वर्ग तुमच्या उपयोगाचा नाही.

आगीविषयी थोडे अधिक लिहिते, कारण बाकी सगळे शिकून एका दुपारी वाया जाऊ शकते. वन खाते 15 फेब्रुवारीपासून आगीचा हंगाम धरते आणि जाळरेषांची कामे त्याआधी उरकते. तुम्हीही तीच तारीख धरा. हद्दीवर, विशेषतः खालच्या अंगाला, कारण आग चढावर वेगाने धावते, किमान तीन मीटर रुंदीचा पट्टा पालापाचोळा झाडून मोकळा करा. जाळून साफ करण्याच्या भानगडीत पडू नका. आणि मोह वेचणाऱ्यांशी बोला. मोहाखालचा पाला ते जाळतात तो फुले स्पष्ट दिसावीत म्हणून. मजुरी देऊन तेवढी जागा खराट्याने झाडून दिली किंवा जुन्या साड्या अंथरायला दिल्या, तर आग लावण्याचे कारणच राहत नाही. सात एकरांत मोहाची झाडे असून असून किती असतील?

'साफसफाई' हा शब्दही मनातून काढा. इगतपुरीच्या बाजूला आमच्या घरच्या रानात आम्ही एका उन्हाळ्यात यंत्र लावून कारवी आणि झुडपे साफ केली, रान बागेसारखे दिसू लागले आणि सगळ्यांनी कौतुकही केले. पहिल्या मोठ्या पावसात ओहोळ चहाच्या रंगाचा वाहिला, आणि उतारावरची वीतभर माती गेली ती परत आली नाही. कारवी सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते, तोवर ती माती धरून बसलेली असते, हे मला त्यानंतर एका वनरक्षकाने सांगितले. काढायची असेल तर घाणेरी काढा. पावसाळा सरता सरता, माती ओली असताना आणि फळ पिकण्याआधी, जमिनीखाली दोन-तीन इंचांवर मुळाचा गड्डा तोडून झाड उलटे करून ठेवायचे, म्हणजे ते पुन्हा धरत नाही. पण दरवर्षी अर्धा एकरच, आणि मोकळ्या झालेल्या जागेत रानातलेच बी टाकून.

वयाविषयी तुम्ही विचारले आहे. सत्तेचाळिसाव्या वर्षी विरळलेला फुटवा तुम्ही निवृत्त होईपर्यंत हाताच्या कवेत न मावण्याइतका जाड होईल, असे मी म्हणणार नाही. सागाला तेवढी घाई नसते. पण परिचारिका म्हणून रोज निरीक्षण करणे, त्याची वेळच्या वेळी नोंद करणे आणि गरज नसताना हस्तक्षेप न करणे, ही शिस्त तुमच्या अंगी आधीच आहे. वनव्यवस्थापनात नव्या माणसाला तीच शिकायला सर्वांत अधिक वेळ लागतो.

भावाला नकार देऊ नका, मुदत मागा. त्याला पैशाची निकड असेल तर ती काय आहे हे आधी ऐकून घ्या. एक वर्ष मोजणी आणि फेऱ्या होऊ द्या; त्यानंतर विरळणीत काढण्याजोगी जी सागाची झाडे निघतील ती रीतसर अर्ज करून, वन खात्याकडून मोजून, 1969 च्या कायद्यातल्या मार्गाने विकू आणि पैसे निम्मे निम्मे घेऊ, असे कागदावर लिहून त्याच्या हातात द्या. आत्याबाईंच्या वाट्याचे सरपण आणि राब त्याच कागदात नोंदवा.

यातले बाकी सगळे दसऱ्यानंतर सुरू केले तरी चालेल. हद्दीच्या मोजणीचा अर्ज मात्र भूमी अभिलेख कार्यालयात याच आठवड्यात द्या, कारण हद्द कायम झाल्याशिवाय मालकीच्या झाडांच्या तोडीचे कोणतेही प्रकरण पुढे सरकत नाही, जाळरेषा कुठून काढायची हेही ठरत नाही, आणि पाऊस लागला की तुमच्या उतारावर मोजणीदार दिवाळीपर्यंत चढणार नाही.